सबवूफर (बेसचा, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर) सतत घूंऽऽ करतो. काय करू? आणि तो हॉलमध्ये ठेवू कुठं? (12 फुटी हॉल, कोल्हापूर)

आधी सबच्या मागची आरसीए केबल (सबला आवाज आणून देणारी) काढून बघा. तरीही घूं चालूच राहिली तर दोष सबच्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे, मेकॅनिककडे न्या. थांबली तर सब निर्दोष, भानगड अर्थिंगची.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात हेच झालं. मी सबला शिव्या घातल्या, महागडी केबल आणली, आणि चोर निघाला सेट टॉप बॉक्स! केबलवाल्याची वायर खांबावरून आपलं अर्थ घेऊन येते, घराचं अर्थ वेगळं. दोन्हींतला फरक रिसीव्हरमार्गे (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) सबमध्ये शिरतो आणि विजेचे 50 हर्ट्‌झ गुणगुणायला लागतात. बॉक्सची ती गोल वायर फिरवून काढली, आणि क्षणात शांत.

फुकटचा उपाय पहिला: टीव्ही, रिसीव्हर, सब सगळं एकाच बोर्डावर घ्या. नाहीच भागलं तर केबलच्या वायरीवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण अर्थचा जोड तोडतो) बसवा. छतावर डिश असेल तर मात्र तिथं नको, कारण त्याच वायरीतून वर छत्रीला वीज जाते, चित्रच जाईल. मग आयसोलेटर सबच्या आरसीएवर लावा. फक्त अगदी स्वस्तातला घेऊ नका, खालचा बेस खातो. आणि कुणी 'अर्थची पिन तोडून टाक की' म्हणालं तर त्याला चहा पाजून घालवा. घूं जाईल, पण उद्या बॉडीत करंट उतरला तर तुम्हीच अर्थ व्हाल.

आता जागा. कोपऱ्यात बेस दणदणतो, पण एकच सूर घुमत राहतो. समोरासमोरच्या भिंतींमधल्या 12 फुटांच्या अंतरात साधारण 47 हर्ट्‌झचा सूर फुगतो, म्हणून कुठं ढमढम, तर कुठं काहीच नाही. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथं प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल, तिथं सब. मी रांगत होतो तेव्हा आजी दारात येऊन म्हणाली, "काय हरवलंय रं?" "बेस," म्हटलं. तीही वाकून शोधायला लागली.

मला तो दाराशेजारी, कोपऱ्यापासून तीनेक फुटांवर सापडला. दोन सब असतील तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (कुठल्या सुराखालचा आवाज सबला द्यायचा ती सीमा) 80 हर्ट्‌झवर आणि सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर. सबवरचं फेजचं बटण (सबचा ठोका बाकी स्पीकरशी जुळवणारं) 0 आणि 180 दोन्हींवर करून बघा, सोफ्यावर बसून जिथं बेस जास्त भरीव वाटेल तिथंच सोडा.