गोल्फमध्ये बॉल खराब जागेत पडला तर दंड न घेता कधी हलवता येतो?

तुम्ही विचारलंय की पावसानंतरच्या एकाच राउंडमध्ये बॉल आधी चिखलात, मग डबक्यात आणि शेवटी एका खड्ड्यात पडला, सोबतच्या तिघांनी तीन वेगवेगळे नियम सांगितले, तर खरं काय?

डबक्यातून फुकट हलवता येतो. नुसत्या चिखलातून नाही. आणि खड्ड्याचं उत्तर तो कुणी केला यावर ठरतं.

हे सगळं गोल्फच्या नियम क्रमांक 16 मध्ये येतं. डबकं म्हणजे ‘तात्पुरतं पाणी’. त्याची कसोटी सोपी आहे. बॉलपाशी नेहमीसारखं उभं राहायचं. उभं राहण्याआधी किंवा राहिल्यावर बुटाभोवती पाणी दिसलं आणि दिसतच राहिलं, तर रिलीफ, म्हणजे दंड न घेता बॉल हलवायची सूट, मिळतो. पाऊल टाकताना क्षणभर चमकून गेलेलं पाणी धरत नाहीत, आणि टाच रुतवून मुद्दाम वर काढलेलं तर नाहीच. (हा टाच रुतवण्याचा प्रयोग प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण करतोच.) दवालाही सूट नाही.

खड्डा प्राण्याने उकरलेला असेल तर रिलीफ आहे. गांडूळ आणि किडे मात्र त्यातून वगळलेत. मैदानाची देखभाल करणाऱ्यांनी खणलेला असेल तर भोवती पांढरी रेघ नसली तरी ती ‘दुरुस्तीखालची जमीन’च, रिलीफ घ्या. पण आधीच्या खेळाडूच्या फटक्याने गवताचा तुकडा उडून पडलेला खड्डा असेल, म्हणजे डिव्हट, तर काहीच मिळत नाही. 1998 च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या पेन स्ट्युअर्टचा बाराव्या होलवरचा उत्तम ड्राइव्ह (पहिला लांब फटका) फेअरवेच्या, म्हणजे आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध, वाळू भरलेल्या डिव्हटमध्ये जाऊन बसला. त्याला तिथूनच खेळावं लागलं आणि स्पर्धा एका फटक्याने गेली. मलाही हा नियम कठोर वाटतो. पण उद्या सूट दिली, तर अर्धवट भरून आलेला डिव्हट आणि नुसतं विरळ गवत यांच्यात रेघ कुठे मारणार?

तुमचा चिखलातला बॉल मात्र नीट बघायला हवा होता. मागच्या फटक्यानंतर तो जमिनीवर आदळला, त्याच आघाताने झालेल्या खळग्यात रुतला आणि त्याचा थोडा तरी भाग जमिनीच्या पातळीखाली असला, तर फेअरवे असो की रफ (बाजूचं लांब गवत), फुकट रिलीफ आहे. 2019 पूर्वी ही सूट मुळात फेअरवेच्या उंचीएवढ्या कापलेल्या गवतापुरतीच होती. शंका असेल तर जागा मार्क करून बॉल उचलून बघता येतो, फक्त पुसायचा नाही. आणि टप्पा खाल्लेला बॉल नंतर स्वतःच्याच खळग्यात येऊन बसणं फार दुर्मीळ. म्हणूनच जानेवारी 2021 मध्ये टॉरी पाइन्सच्या मैदानावरच्या स्पर्धेत पॅट्रिक रीड या गोल्फरने दहाव्या होलवर रुतलेल्या बॉलचा रिलीफ घेतला तेव्हा इतका गदारोळ झाला: व्हिडिओत बॉल उसळलेला स्पष्ट दिसत होता. त्या वेळी उपलब्ध माहितीवर त्याने योग्य तेच केलं असं अधिकाऱ्यांनी ठरवलं, आणि ती स्पर्धा त्यानेच जिंकली.

आता डबकं, खड्डा अशा अडथळ्यातून रिलीफ घ्यायचा कसा, कारण खरे घोळ इथेच होतात. तुम्हाला अडथळ्यातून सुटका मिळते, चांगली जागा मिळेलच असं नाही. पाय, क्लबचा (काठीचा) झोका आणि बॉल तिन्ही अडथळ्याबाहेर येतील, पण होलच्या जवळ जाणार नाही, अशी सर्वांत जवळची जागा शोधायची. बाजू निवडायची मुभा नसते. समजा, बॉल होलच्या दिशेने जाणाऱ्या कार्टच्या (खेळाडूंच्या छोट्या गाडीच्या) पक्क्या रस्त्यावर मधोमध आहे; तिथेही असाच रिलीफ मिळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डावीकडची जागा जवळ पडते, कारण उजवीकडे गेलं तर पायही रस्त्याबाहेर काढायला बॉल बराच लांब न्यावा लागतो. ती जागा ठरली की तिथून एक क्लब-लांबी मोजायची, पटर (ग्रीनवर वापरायचा क्लब) सोडून पिशवीतल्या सर्वांत लांब क्लबने. मग गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सरळ खाली सोडायचा, म्हणजेच ड्रॉप करायचा. त्या एका क्लब-लांबीच्या क्षेत्राबाहेर घरंगळला तर पुन्हा सोडायचा. दुसऱ्यांदाही गेला, तर दुसऱ्या वेळी जिथे टेकला तिथे ठेवायचा. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, ड्रॉप नाही, नुसता ठेवायचा.

मी नवखा असताना अशाच रस्त्यावरून बॉल झटकन उचलला, मस्त पुसला आणि मग डावीकडे बघितलं, तर काटेरी झुडूप. झुडपात ड्रॉप कर, नाहीतर एक फटका दंड घेऊन बॉल परत रस्त्यावर ठेव, एवढंच उरलं. दंड घेतला, रस्त्यावरून मारला, आणि सात नंबरच्या आयर्नच्या तळाला पडलेला ओरखडा आजही बोटाला लागतो. रिलीफ सक्तीचा नसतो. बॉल जिथे आहे तिथूनही खेळता येतं. म्हणून आधी बघा, मग उचला.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पाणी साचलं असेल तर फुकट ड्रॉप बंकरच्या आतच. बाहेर यायचं तर एक फटका. लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या आत, म्हणजे पेनल्टी एरियात, यातलं काहीच चालत नाही.

आणि तुमच्यापैकी कुणीतरी ‘पावसात बॉल उचलून, पुसून ठेवायचा असतो’ असं म्हणालं असणार. ते पूर्ण खोटं नाही. मैदान फारच ओलं असेल तर मैदानाची किंवा स्पर्धेची कमिटी तसा स्थानिक नियम लावू शकते. सहसा तो फेअरवेच्या उंचीएवढ्या गवतापुरताच असतो, बॉल किती अंतराच्या आत ठेवायचा ते कमिटी ठरवते, आणि बॉल एकदा ठेवला की ठेवला, पुन्हा सरकवता येत नाही. तो त्या दिवशी लागू होता की नाही हे पहिल्या टीजवळच्या (पहिला फटका मारतात त्या जागेजवळच्या) सूचनेत किंवा स्कोअरकार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. तिथे काही नसेल, तर ज्याने तुम्हाला चिखलातला बॉल पुसायला लावला त्याचं चुकलं.