मारबतीचे फोटो काढून लगेच पाठवण्यासाठी कोणता फोन घ्यावा?

नागपुरातील मारबतीच्या मिरवणुकीचे आणि दीक्षाभूमीवरील रात्रीच्या रोषणाईचे फोटो काढून ते लगेच नातेवाइकांना पाठवायचे असतील, तर केवळ मेगापिक्सेलचा आकडा पाहून फोन निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा भाग) बहुधा चार पिक्सेल एकत्र करून सुमारे १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. म्हणून सेन्सरचा आकार मोठा आहे का आणि ऑप्टिकल स्थिरीकरण आहे का, हे आधी तपासावे. स्थिरीकरणामुळे हाताची थरथर सावरली जाते, परंतु नाचणारी माणसे पुसटच येतात आणि त्यासाठी शटरचा वेग वाढवावा लागतो. २०१२ मधील नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू या ४१ मेगापिक्सेलच्या फोनच्या फोटोंच्या दर्जामागेही त्याचा मोठा सेन्सर हे एक महत्त्वाचे कारण होते.

पाठवण्याचा प्रश्न मात्र फोनपेक्षा ॲपचा अधिक आहे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, त्यामुळे छपाईसाठी हवा असलेला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मात्र तसे केल्यास, कॅमेऱ्यात स्थाननोंद (फोटो कुठे काढला याची नोंद) चालू असेल तर, ती नोंदही मूळ फाइलसोबत जाते. घरातील मुलांचे फोटो असे पाठवायचे असतील, तर ते काढण्याआधीच ती अवश्य बंद करावी.