वाचकांचे प्रश्न : जुन्या इटालियन आणि फ्रेंच चित्रपटसंगीताच्या नव्या तबकड्या

साठ-सत्तरच्या दशकांतील इटालियन आणि फ्रेंच चित्रपटांचे पार्श्वसंगीत गेली काही वर्षे पुन्हा तबकड्यांवर आणि सीडींवर येत आहे, आणि ते हौसेने जमवणारे मराठी रसिकही कमी नाहीत, असे या महिन्यातील पत्रांवरून दिसते. बहुतेकांनी विचारले आहे ते थोड्याफार फरकाने एकच : एकाच चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या समोर असताना निवड कशी करावी? आमच्या मते, नवी आवृत्ती कोणत्या मूळ ध्वनिमुद्रणावरून तयार केली आहे हे आधी पाहावे. कागद, रंग आणि सजावट यांचा विचार त्यानंतर.

प्रश्न : वडिलांकडे ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची जुनी एलपी आहे. तिच्यावर ह्यूगो माँटेनेग्रो हे नाव आहे. मी नवी एलपी मागवली, तर तिच्यावर एन्निओ मोर्रिकोने हे नाव आले आणि वादनही वेगळेच निघाले. यांतील खरी कोणती? (डोंबिवली)

उत्तर : चित्रपटात वाजते ते मोर्रिकोने यांचे मूळ ध्वनिमुद्रण. १९६६ सालच्या या चित्रपटासाठी त्यांनी रचलेल्या संगीताचे वाद्यवृंदसंचालन ब्रूनो निकोलाई यांनी केले, आणि कबरस्तानातील प्रसिद्ध प्रसंगात शब्दांवाचून उंच जाणारा जो स्त्रीस्वर ऐकू येतो, तो एद्दा देल्लोर्सो यांचा आहे. माँटेनेग्रो हे अमेरिकेतील वाद्यवृंदसंयोजक होते. त्यांनी तीच धून स्वतःच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली आणि १९६८ मध्ये ती आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या, तर अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. त्यामुळे जगभरातील असंख्य घरांत मूळ रचनेच्या आधी हीच आवृत्ती शिरली. तीत खोट काही नाही, ती आपल्या जागी मजेदारही आहे. मात्र तिला चित्रपटाची ध्वनिमुद्रिका म्हणता येणार नाही.

हा घोटाळा आपल्याकडे विशेष होतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे चित्रपटाची तबकडी म्हणजे गाण्यांची तबकडी. पार्श्वसंगीत त्यावर फारसे येत नसे. इटलीत पार्श्वसंगीत हाच विकण्याचा आणि नभोवाणीवर वाजवण्याचा माल होता. ते वाजले की संगीतकाराला आणि प्रकाशकाला हक्कांचे पैसे मिळत, म्हणून संगीतप्रकाशक संस्था चित्रपटांसाठी संगीत करवून घेत आणि त्याच्या तबकड्या काढत. काही तबकड्या तर केवळ नभोवाणी केंद्रांना आणि व्यवसायातील मंडळींना देण्यापुरत्याच, अगदी थोड्या संख्येने निघत. त्या आज मूळ रूपात अतिशय महाग मिळतात, आणि पुनर्प्रकाशनाच्या सगळ्या व्यवसायाचा पाया त्यांच्या या दुर्मीळपणावरच उभा आहे.

खरेदी करताना कव्हरवर ‘मूळ ध्वनिमुद्रण’ अशा अर्थाचा उल्लेख आहे का, आणि संगीतकाराच्या नावाखाली दुसऱ्याच कुणा आधुनिक संचालकाचे किंवा वाद्यवृंदाचे नाव तर नाही ना, हे तपासावे. मोर्रिकोने आणि दुसरे इटालियन संगीतकार नीनो रोता यांच्या रचना पुढे अनेक वाद्यवृंदांनी नव्याने ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्यांतील काही उत्तम आहेत, पण त्या पुनर्प्रकाशने नव्हेत.

प्रश्न : जॅझवादक माइल्स डेव्हिस यांचे संगीत असलेल्या, फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या ‘असांसर पूर लेशाफो’ या चित्रपटाच्या इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या एलपी कशा काय मिळतात? काही तर निम्म्या किमतीत आहेत. (पुणे)

उत्तर : याचे मूळ युरोपच्या कायद्यात आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क युरोपीय संघात पूर्वी ५० वर्षांचा होता. २०११ च्या निर्देशाने तो ७० वर्षांचा झाला आणि सदस्य देशांनी २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो आपापल्या कायद्यांत आणायचा होता. परंतु ज्या ध्वनिमुद्रणांचा हक्क तोपर्यंत संपलेला होता, त्यांना ही वाढ मिळाली नाही. परिणामी १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे तेथे कोणीही काढू शकते. रचनेवरील हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, तेव्हा त्याचे पैसे द्यावेच लागतात. वाचतात ते ध्वनिमुद्रणाच्या मालकाला द्यायचे पैसे. हे संगीत ४ डिसेंबर १९५७ च्या रात्री पॅरिसमधील पोस्त पारिझियाँ या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले आणि १९५८ मध्ये प्रकाशित झाले, म्हणजे ते या मर्यादेच्या पुष्कळ आधीचे आहे. रोता यांचे ‘ला दोल्चे व्हिता’ हे १९६० सालचे संगीतही त्याच गटातले. उलट फ्रेंच संगीतकार मिशेल लग्राँ यांचे ‘शेरबूरच्या छत्र्या’ या चित्रपटाचे संगीत १९६४ चे असल्याने ते हक्काखाली आहे, म्हणून त्याच्या स्वस्त आवृत्त्यांचे असे पीक आलेले दिसत नाही.

कायद्याने मोकळीक असणे आणि हाती मूळ टेप असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूळ टेप जुन्या कंपनीच्या वारसदाराकडेच असते, आणि ती तो प्रतिस्पर्ध्याला देत नाही. त्यामुळे स्वस्त आवृत्ती काढणाऱ्याला बाजारातील एखादी सीडी किंवा जुनी एलपी हाच आधार घ्यावा लागतो. एलपीवरून घेतले असेल तर सुईची खरखर काढण्यासाठी गाळणी लावतात, आणि त्या गाळणीत झांजेची किणकिण व तुतारीच्या स्वराभोवतीची हवा हीदेखील निघून जाते. या संगीतात तर ती हवाच निम्मे काम करते! ड्रमवर केनी क्लार्क, बासवर पिएर मिशलो, पियानोवर रने उर्त्रजे, टेनर सॅक्सोफोनवर बार्ने विलेन आणि डेव्हिस यांची तुतारी. एवढ्या पाच जणांनी पडद्यावरील प्रसंग पाहत पाहत, बव्हंशी आयत्या वेळी रचत हे वाजवले.

या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळच्या दहा इंची तबकडीवर तुतारीला कृत्रिम प्रतिध्वनी जोडलेला होता. १९८८ च्या सीडीमध्ये त्याबरोबरच प्रतिध्वनी नसलेले, न कापलेले मूळ तुकडेही दिले गेले. त्यांत वादक एकच कल्पना पुन्हा पुन्हा घासूनपुसून पाहताना ऐकू येतात. आम्हाला स्वतःला प्रतिध्वनी असलेली आवृत्ती अधिक भावते, कारण रात्रीच्या ओल्या रस्त्यावरून हिंडणाऱ्या नायिकेला तो ओसाड अवकाश हवाच आहे. अभ्यासकाने मात्र दोन्ही ऐकावीत.

स्वस्त आवृत्ती ओळखण्याच्या खुणा अशा : मागच्या बाजूस मूळ कंपनीच्या परवानगीचा उल्लेख नसतो, ध्वनिमुद्रण कोठून घेतले याबद्दल मौन असते, मूळ कव्हराऐवजी कलाकाराचे भलतेच छायाचित्र असते, आणि उरलेली जागा भरण्यासाठी चित्रपटाशी संबंध नसलेल्या दोन-चार रचना ‘भेट’ म्हणून जोडलेल्या असतात.

प्रश्न : दिग्दर्शक गोदार यांच्या ‘ल मेप्री’ या चित्रपटाचे संगीत जॉर्ज दलरू यांचे आहे असे वाचले होते. मला मिळालेल्या इटालियन तबकडीवर पिएरो पिच्चोनी यांचे नाव आहे. छपाईची चूक असेल का? (पणजी)

उत्तर : चूक नाही. १९६३ चा हा चित्रपट फ्रेंच-इटालियन सहनिर्मितीचा होता आणि निर्माते कार्लो पोंती यांनी इटलीत दाखवायच्या आवृत्तीत दलरू यांचे संगीत काढून त्या जागी पिच्चोनी यांचे घातले. त्यामुळे एकाच चित्रपटाची दोन संगीते अस्तित्वात आली. दलरू यांचे तंतुवाद्यांवरचे, संथ आणि शोकमग्न. पिच्चोनी यांचे जॅझकडे झुकलेले. मार्टिन स्कोर्सेसी यांनी १९९५ च्या ‘कॅसिनो’त वापरले ते दलरू यांचे, कामीय या नायिकेच्या नावाने ओळखले जाणारे. आपल्याला तेच हवे असेल तर फ्रेंच नाव आणि दलरू ही दोन्ही पाहून घ्यावे. दलरू यांची ही रचना लांबीने फार थोडी असल्याने ती बहुधा त्यांच्या इतर चित्रपटांच्या संगीताबरोबर एकत्र येते, आणि त्यात फसवणूक काही नाही.

प्रश्न : ‘प्रथमच संपूर्ण’, ‘विस्तारित’, ‘प्रथमच स्टिरिओ’ असे शब्द वाचून मी एकच संगीत दोनदा विकत घेतले. मुळात हे संगीत तेव्हाच संपूर्ण का दिले नाही, आणि आता ते कोठून सापडते? (कोल्हापूर)

उत्तर : एलपीच्या एका बाजूवर सुमारे वीस मिनिटे मावतात. त्यामुळे तासभराच्या ध्वनिमुद्रणातून निवड करावीच लागे. कित्येक चित्रपटांच्या वाट्याला तर एलपीही येत नसे. दोन रचनांची छोटी ४५ फेऱ्यांची तबकडी निघे आणि बाकीचे संगीत टेपवर पडून राही. या टेप प्रकाशक संस्थांच्या तळघरांत राहिल्या म्हणून आज हाती लागतात. रोममधील सी.ए.एम. या प्रकाशकाकडे दोन हजारांहून अधिक चित्रपटांचे संगीत जमलेले होते. तो संग्रह २०११ मध्ये मिलानच्या शुगर कंपनीकडे गेला आणि तेव्हापासून त्यातील पुष्कळ संगीत नव्याने बाहेर आले. रोमचीच १९६६ पासूनची बीट रेकॉर्ड्स ही कंपनी आपला जुना संग्रह आजही काढत असते.

फ्रान्समध्ये परिस्थिती अधिक विखुरलेली आहे. संगीतकार फ्रांस्वा द रूबे पॅरिसमधील आपल्या घरातच अनेक मार्गिकांच्या टेपयंत्रावर एकेक वाद्य स्वतः वाजवून ध्वनिमुद्रण करत. १९७५ मध्ये कॅनरी बेटांजवळ समुद्रात बुडी मारत असताना वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला, पण घरातील टेप राहिल्या. दुसरे संगीतकार मिशेल मान्य यांचे नशीब उलटे. १९६९ मध्ये त्यांच्या एरूविल येथील वाड्याला लागलेल्या आगीत त्यांची हस्तलिखिते आणि टेप जळाल्या. अशा संगीतकाराचे ‘संपूर्ण’ संगीत कोणी देऊ करत असेल, तर ते कशावरून घेतले हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

टेप टिकली तरी ती वाजेलच असे नाही. सत्तरच्या दशकातील बऱ्याच टेपांवरील चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ हवेतील ओलावा शोषतो आणि चिकट होतो; तशी टेप यंत्रावर चढवली तर थर खरवडून निघतो. त्यासाठी तिला सुमारे ५० अंश सेल्सियस इतक्या मंद उष्णतेत काही तास सुकवतात आणि मग तिची लगेच प्रत करून घेतात. पुनर्प्रकाशनाच्या किमतीचा काही भाग या कामाचा असतो, म्हणून ज्या कंपन्या हे काम करतात त्या पुस्तिकेत तसे अभिमानाने लिहितात.

‘प्रथमच स्टिरिओ’ हे खरे असू शकते, कारण चित्रपटगृहासाठी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा ध्वनी, लागत असला तरी स्टुडिओत कधीकधी स्टिरिओ टेप केलेली असे. पण साठच्या दशकात मोनो ध्वनीचे उंच स्वर एका बाजूला आणि खर्ज दुसऱ्या बाजूला ढकलून बनवलेला नकली स्टिरिओही बाजारात होता. जुन्या एलपीवर ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेले’ अशा अर्थाचे शब्द दिसले तर ती टाळावी. प्रामाणिक मोनो कितीतरी बरे.

राहिला विस्ताराचा मुद्दा. जुन्या एलपीसाठी रचना निवडून त्यांना ओळीने लावण्याचे काम जेथे जाणत्या हातांनी झाले आहे, तेथे ती चाळीस मिनिटे एका बैठकीत ऐकण्याजोगी असतात. विस्तारित आवृत्तीत त्याच धुनीची नऊ रूपे, त्यांतील काही वीस-वीस सेकंदांची, चित्रपटातील क्रमाने येतात. आपला जीव त्या चित्रपटावरच जडलेला असेल तर ती घ्या, नाहीतर जुन्या क्रमाची आवृत्ती पुरेशी आहे.

प्रश्न : पाचशेच प्रती, रंगीत व्हिनाइल. जास्त पैसे द्यावेत का? (नाशिक)

उत्तर : रंग आवडला असेल तर द्यावेत. ध्वनीचा आणि प्रतींच्या संख्येचा संबंध नाही.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते. उपाय सांगावा. (रत्नागिरी)

उत्तर : तबकड्या उभ्या ठेवाव्यात, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत आणि कपाट पूर्ण बंद न ठेवता हवा खेळती राहू द्यावी. कागदी आतल्या पाकिटाऐवजी पॉलिथिनचे पाकीट वापरावे. बाहेरून जाड पीव्हीसीचे पारदर्शक आवरण घालण्याची चाल आहे, पण उष्ण हवेत ते तबकडीवर धुरकट डाग पाडू शकते, तेव्हा तेथेही पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन बरे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या वेळोवेळी वाळवाव्या लागतात, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. तबकडीवरच बुरशी आली असेल तर ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ सुती कापड घेऊन, खोबणीच्या दिशेने हलक्या हाताने पुसावे. नळाचे पाणी वापरू नये. बुरशी आलेले कव्हर इतरांपासून लगेच वेगळे करावे.

प्रश्न : बजेट मर्यादित आहे. सुरुवात कोठून करावी? (सोलापूर)

उत्तर : सीडीपासून करावी. आज एलपीची हौस वाढल्याने जुन्या सीडी स्वस्त झाल्या आहेत आणि त्यांच्या पुस्तिकांत माहिती पुष्कळ असते. फ्रेंच संगीतासाठी युनिव्हर्सल कंपनीने स्तेफान लरूज यांच्या संपादनाखाली २००० मध्ये सुरू केलेली ‘एकूते ल सिनेमा’ ही मालिका सर्वांत विश्वासार्ह आहे. तिच्यातून दलरू, लग्राँ किंवा द रूबे यांचा एखादा संकलित खंड घ्यावा. इटालियन संगीतासाठी मोर्रिकोने यांच्यावरच न थांबता संगीतकार पिएरो उमिलियानी यांचे काही ऐकावे. बाहुल्यांच्या ‘मपेट शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातले ‘मह् ना मह् ना’ लहानपणी ऐकलेल्यांना ते यांचेच, १९६८ च्या एका इटालियन चित्रपटातले आहे हे कळल्यावर गंमत वाटेल. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या जवळ जातात, त्यामुळे दोन-तीन मित्रांनी मिळून एकाच विक्रेत्याकडून एकत्र मागणी नोंदवावी आणि पार्सलवर खरी किंमतच लिहायला सांगावी. कमी किंमत लिहिलेले पार्सल वाटेत फुटले, तर भरपाईही तेवढ्याच रकमेची मिळते.