चष्मा काढून ठेवला म्हणून नंबर उतरला का?

नऊ वर्षांच्या मुलीची आई समुपदेशनाला आली ती डोळ्यांच्या तपासणीच्या तीन चिठ्ठ्या घेऊनच. तारखेप्रमाणे तिने त्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिलीवर उणे २.२५, दोन महिन्यांनंतरच्या दुसरीवर उणे १.७५ आणि गेल्या आठवड्यातल्या तिसरीवर उणे १.२५. या दोन महिन्यांत मुलीने चष्मा जवळजवळ घातलाच नव्हता. घातला की डोकं दुखतं, अशी तिची तक्रार होती. घरातलेही म्हणाले, राहू दे, एकदा सवय लागली की नंबर वाढतच जातो.

"आता तुम्हीच बघा मॅडम. चष्मा बाजूला ठेवला आणि नंबर अर्धा-अर्धा करत पूर्ण एकने उतरला. मग पुन्हा कशाला घालायला लावू?"

आकडे तिने बरोबर वाचले होते. पण हे तीन आकडे एकाच मापाचे नव्हते.

पहिली चिठ्ठी म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटरमधून निघालेली कागदाची पट्टी. मूल हनुवटी टेकवून आत बघतं, समोर रस्त्याच्या टोकाला फुगा किंवा घर दिसतं, आणि यंत्र अवरक्त किरण दृष्टिपटलावर टाकून परत येणाऱ्या किरणांवरून नंबर काढतं. चित्र लांबचं भासावं अशी रचना असते खरी, पण यंत्र नाकासमोर आहे हे मुलाला ठाऊक असतं आणि डोळा नकळत जवळचं बघायच्या तयारीला लागतो. नऊ वर्षांच्या मुलाचं नेत्रभिंग बारा डायऑप्टरहून (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) अधिक ताकद वाढवू शकतं. त्यातली एखादी डायऑप्टर जरी त्या क्षणी वापरात असली, तरी यंत्र ती उणे नंबरातच धरतं. यंत्र खोटं बोलत नाही; त्याने मोजला तो त्या क्षणीचा ताणलेला डोळा. म्हणूनच मुलांच्या बाबतीत ही पट्टी तपासणीची सुरुवात मानायची असते. इथे थेंब न घालता, ट्रायल फ्रेममध्ये काचा लावून न बघता, पट्टीवरच्या आकड्यावरच चष्मा बनवला गेला होता.

दुसरी चिठ्ठी थेंब घालून केलेल्या तपासणीची. सायक्लोपेंटोलेटचा थेंब घातला की भिंगाची ताकद वाढवणारा स्नायू तात्पुरता सैल पडतो. अर्ध्या-पाऊण तासाने रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून बघायच्या उपकरणाने, नंबर काढतात. थेंब झोंबतो, दुसऱ्या दिवसापर्यंत जवळचं धूसर दिसू शकतं, उजेडही नकोसा होतो; मुलांची कुरकुर रास्त आहे. पण लहान मुलाचा पहिला नंबर थेंबाशिवाय ठरवू नये.

त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: उणे १.७५, सिलिंडर अधिक ०.५०, ॲक्सिस ९०. (सिलिंडर म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, ॲक्सिस म्हणजे तो काचेत कोणत्या कोनात बसवायचा ते.) तिसरी चिठ्ठी चष्म्याच्या दुकानाची: उणे १.२५, सिलिंडर उणे ०.५०, ॲक्सिस १८०. आईने दोन्हींतला फक्त पहिला आकडा पाहिला होता. तिला दुसऱ्या चिठ्ठीच्या मागेच हिशोब करायला सांगितला. पहिल्या आकड्यात सिलिंडर मिळवा: उणे १.७५ अधिक ०.५०, झाले उणे १.२५. सिलिंडरचं चिन्ह उलटं करा. ॲक्सिस ९० अंशांनी फिरवा. तिने केलं आणि तिसरी चिठ्ठी शेजारी ओढली.

"म्हणजे या दोन्ही एकच?"

एकच. काही ठिकाणी सिलिंडर अधिक चिन्हात लिहितात, दुकानात बहुधा उणे चिन्हात. काच तीच बनते. म्हणून जुन्या-नव्या नंबरची तुलना करताना तिन्ही आकडे एका पद्धतीत आणून मगच करायची.

पडताळ्यासाठी एक ढोबळ प्रयोग तिथेच करता येतो. मुलीचा चष्मा काढायचा, बारीक अक्षरांचं कार्ड समोर धरून हळूहळू मागे न्यायचं आणि अक्षरं धूसर व्हायला लागली की टेपने अंतर मोजायचं. १०० भागिले सेंटिमीटरमधलं अंतर, म्हणजे अंदाजे उणे नंबर. मुलगी ६५ सेंटिमीटरच्या आसपास अडखळू लागली. हिशोबाने हे दीड येतं, आणि सव्वाच्या नंबरात अर्ध्या सिलिंडरचा अर्धा वाटा धरला की दीडच होतो. पहिल्या पट्टीचा नंबर खरा असता, तर ती ४५ सेंटिमीटरच्या आतच थांबली असती. नंबर उतरला नव्हता, तो सुरुवातीपासून एवढाच होता. डोकेदुखीचाही उलगडा झाला: गरजेपेक्षा एक डायऑप्टर जास्त उण्या काचेतून बघताना डोळ्याला फळा बघायलाही जोर लावावा लागतो आणि वाचताना त्याहून जास्त.

आईकडे आणखी एक पुरावा होता. घरी तक्ता छापून, भिंतीला लावून तिने स्वतः तपासलं होतं. मुलीने ६/९ची ओळ वाचली आणि दवाखान्यात मात्र ६/१८ लिहिलं. किती अंतरावरून वाचलं? खोली लहान, म्हणून तीन मीटरवरून.

हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली हा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात ६/६च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून पाच मिनिटांचा कोन करतं (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणून त्याची उंची ८.७ मिलिमीटरच्या जवळपास असते. तोच तक्ता तीन मीटरवर लावला की प्रत्येक अक्षर दुप्पट मोठं दिसतं. तिने वाचली ती ओळ म्हणजे ३/९, अर्थात ६/१८. घरचं आणि दवाखान्याचं माप तंतोतंत जुळत होतं! तक्ता छापताना 'पानावर बसवा' हा पर्याय निवडला, तर अक्षरांचा आकार बदलतो, ते वेगळंच; पट्टीने एक अक्षर मोजून घ्यावं. घरी बघायचंच असेल तर एकेक डोळा वेगळा तपासावा. दुसरा डोळा तळव्याची खोलगट वाटी करून झाकावा, दाबू नये, नाहीतर तो डोळा काही वेळ धूसर राहतो. मधूनच ओळ उलटी वाचायला सांगावी, कारण मुलं तक्ता पाठ करतात. आणि डोळे बारीक करू देऊ नयेत. पापण्यांची फट अरुंद झाली की नंबर असूनही अक्षर स्पष्ट होतं. उणे नंबराचं वैद्यकीय नाव, 'मायोपिया', हा शब्दच मुळी डोळे मिटण्याच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

आणि ६/१८ हा 'नंबर' नव्हे. मुलीला सहा मीटरवरून जे दिसतं, ते निकोप नजरेला अठरा मीटरवरून दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून काच बनत नाही.

मग मूळ प्रश्न आला: चष्म्याने नंबर वाढतो का? उणे नंबर बहुतेक वेळा येतो तो डोळ्याचा गोल मागच्या बाजूला लांबट झाल्याने. प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळते. लांबी एक मिलिमीटर वाढली, तर नंबर सुमारे अडीच डायऑप्टरने वाढतो. शाळेच्या वयात डोळा वाढतच असतो, आणि पहिला चष्माही नेमका त्याच वयात लागतो. म्हणून चष्म्यामुळे वाढला असं वाटतं. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला तर वेग मंदावेल, ही कल्पना मलेशियात मुलांवर तपासली गेली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ०.७५ने कमी काच दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण काच दिलेल्यांपेक्षा थोडा जास्तच वाढला. गरजेपेक्षा जास्त उणी काचही नको. बरोबर काच, आणि ती नियमित, यात आम्ही तडजोड सुचवत नाही.

"मग हे झालं कशाने? मोबाइलने?" हे विचारताना तिचा आवाज खाली गेला. बहुतेक पालक हा प्रश्न स्वतःवर खटला भरल्यासारखाच विचारतात. वडिलांना उणे चार आहे, हे तिने याआधी ओघात सांगितलं होतं. आई-वडिलांपैकी एकाला उणे नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते, दोघांना असेल तर आणखी. त्यावर भर पडते ती तासन्‌तास जवळून बघण्याची. मग ते पुस्तक असो की पडदा. पडद्याच्या किरणांनी नंबर लागत नाही, पण मोबाइल वीस सेंटिमीटरवर धरला जातो, हा त्याचा खरा दोष. तिसरी गोष्ट उजेडाची. घरातल्या दिव्यांखाली फार तर काहीशे लक्स (उजेडाचं एकक) असतात, तर उघड्यावर सावलीतसुद्धा हजारो. भर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन अधिक स्रवतं आणि ते गोलाची वाढ आवरतं, असा आजचा सर्वाधिक मान्य तर्क आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांमध्ये पहिलीपासून प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं मैदानावरचा जादा तास ठेवला. तीन वर्षांत त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना उणे नंबर लागला, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. हा परिणाम नंबर लागण्याआधीचा आहे. लागलेला नंबर खेळून उतरत नाही, डोळ्यांच्या व्यायामानेही नाही.

मुलीसाठी ठरलं ते असं. सव्वाचा नवा चष्मा दिवसभर. पुस्तक कोपर ते बोटांची पेरं एवढ्या अंतरावर, अर्ध्या तासाने उठून खिडकीबाहेर नजर. रोज दोनेक तास बाहेर, ऊन डोक्यावर नसताना. दर सहा महिन्यांनी थेंब घालून तपासणी आणि त्याच वेळी गोलाच्या लांबीचं मोजमाप. वर्षात अर्ध्या डायऑप्टरहून जास्त वाढ दिसली, तर सौम्य ॲट्रोपिनचे थेंब किंवा नंबराचा वेग मंदावणाऱ्या खास काचा यांचा विचार नेत्रतज्ज्ञ करतील.

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली, चष्मा नाकावर. नंबर सव्वावरून दीड. आईचा चेहरा उतरला.

पाव डायऑप्टरचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो, असं सांगून लांबीचा कागद समोर ठेवला. ती आकडेवारी अधिक काटेकोर असते: २३.४० मिलिमीटर होती, २३.५० झाली. वाढ खरी होती, आणि या वयात ज्या डोळ्यांना नंबर नसतो त्यांचीही थोडी वाढ होतच असते. औषधाची घाई नव्हती. आईने दोन्ही आकडे तारखेसह वहीत उतरवले, आणि या वेळी सिलिंडर आणि ॲक्सिसही लिहिले.