आई कोल्हापुरात गंगावेशीतनं चालत गेली, जिना चढली आणि लगेच तिचा ईसीजी काढला, त्यावर ठोके १००, क्यूटी ३६० आणि क्यूटीसी ४६५ आलंय, म्हणजे काय? काळजीचं आहे का?

आधी घाबरू नका. क्यूटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत करंट पसरायला लागल्यापासून ते परत चार्ज होईपर्यंतचा वेळ, कागदावर क्यू लाट सुरू होते तिथनं टी लाट संपते तिथवर. एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदाचा, आईंचे ९ चौकोन झाले, ३६०. मग ४६५ कुठनं आलं? ठोके वाढले की क्यूटी आखडतो, म्हणून मशीन तो ६० ठोक्यांच्या हिशोबाला आणतं, तोच क्यूटीसी, आणि नेहमीचं बॅझेटचं सूत्र जोरात ठोके असले की आकडा जरा फुगवतंयच. तुम्हीच लिहिलंय की गंगावेशीतनं चालत जाऊन, जिना चढून लगेच ईसीजीची पट्टी काढली!

बायकांत साधारण ४६० पर्यंत नॉर्मल धरतात, खरा धोका ५०० च्या पुढं. निवांत झोपवून परत एक काढा. आणि अझिथ्रोमायसिन, उलटीची ऑन्डान्सेट्रॉन असलं काही चालू असेल, जुलाब होऊन पोटॅशियम कमी झालं असेल तर क्यूटी लांबतो, सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढं ठेवा, स्वतःहून काही बंद करू नका. मधेच शुद्ध हरपली तर मात्र थांबायचं नाही, थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, गाठा.