इंग्रजांच्या काळात अरब बंदरांतून मुंबईला काय यायचं आणि इथून काय जायचं?
मुख्य माल खजूर. इराकमधल्या बसऱ्याला नवा खजूर तयार झाला की कुवेती गलबतं तो भरून कराची, मुंबई, मलबारकडे निघत. खजुराच्याच पानांनी विणलेल्या टोपल्यांत दाबून भरलेला. शिवाय मोती आणि घोडे. मुंबईत अरब सौदागरांचे तबेलेच होते. परतीला तांदूळ, चहा, कापड, मसाले.

पण मला गंमत वाटते ती लाकडाची. आखातात जहाजाजोगं झाडच नाही, त्यामुळे ती ‘अरबी’ गलबतं बांधली जात मलबारच्या सागवानात! दोरखंडाचा काथ्याही तिथलाच. भर पावसाळ्यात अर्थात सगळं ठप्प.

आखातातला व्यवहारही आपल्या रुपयात चाले, तोही स्वातंत्र्यानंतरपर्यंत. शेवटी सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या.