गुहागरच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस तिथी पाहून ठरवावा

आपण विचारले आहे की गुहागरच्या मुक्कामातला शेवटचा दिवस सामान आवरण्यात आणि निघण्याच्या घाईत फुकट जातो, तर अंधार पडायच्या आत साताऱ्याला पोहोचूनही तो सत्कारणी कसा लावावा. मी साताऱ्याचाच असून बरीच वर्षे कुंभार्ली घाटाने गुहागरला जात आलो आहे. माझे मत असे की त्या दिवसाचा बेत तिथी पाहून करावा.

पहिल्या खेपेस आम्ही निघण्याच्या दिवशी हेदवीला दशभुज गणेशाचे दर्शन घेतले आणि उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ पाहण्यास ऐन बारा वाजता गेलो. भरतीचे पाणी या अरुंद कपारीत शिरते आणि पुढे वाट नसल्यामुळे जोराने वर उसळते, असे ऐकले होते. आम्हाला मात्र तळाशी डचमळणारे थोडेसे पाणी आणि तापलेला कातळ एवढेच दिसले. जवळच जाळे सांधत बसलेल्या एका आजोबांनी वर न पाहताच विचारले, "आज अष्टमी ना?"

त्यांनी सांगितलेला हिशेब किनाऱ्यावर जुनाच आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, म्हणून हा मेळ बसतो. पुढच्या वर्षी आम्ही चतुर्दशीला साडेदहाच्या बेताने तेथे पोहोचलो. एकेक लाट घळीत शिरली की आधी आतून घुमल्यासारखा आवाज येई, क्षणभर काहीच होत नसे आणि मग पाण्याचा पांढरा लोट डोक्याच्या वर चढून आमच्या अंगावर तुषार उडवीत कोसळे. उधाणाच्या दिवसांत कडेला मुळीच जाऊ नये. कातळ शेवाळलेला असतो.

तिथी सप्तमी-अष्टमीच्या आसपास असेल तर हेदवीचा हट्ट धरू नये. गुहागरच्याच किनाऱ्यावर, सुरूच्या बनाखालून उतरून, पाणी ओसरत असताना नऊ-दहाच्या सुमारास ओल्या वाळूवर स्वस्थ बसावे. थोडा वेळ हालचाल न केल्यास नखाएवढे खेकडे बिळांतून वर येतात आणि वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडत जातात. आमच्या मुलांनी यापायी न्याहारीही विसरली होती.

काहीही केले तरी दुपारी एकच्या आत चिपळूणच्या दिशेने गाडी लावावी, म्हणजे घाट उजेडात चढून पाटण, मल्हारपेठ, उंब्रजमार्गे संध्याकाळी घरी पोहोचता येते. सुपारी व आमसुले आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवावीत. सुकी मासळी घेतलीच, तर दोन पिशव्यांत बांधावी. आमच्या गाडीला पुढे महिनाभर तिचा वास येत होता. एसटीने जाणार असाल तर हेदवीचा बेत आदल्या दिवशीच उरकावा, कारण तेथून गुहागरला परतून पुढची गाडी वेळेत गाठणे फार धावपळीचे होते.